मदत हवी आहे: आजोबांची युद्धातली लाँच ७२ फुटी की ११२ फुटी?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा हर्णैचे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत होते. ज्या लाकडी गस्ती लाँचवर ते होते तिचं मॉडेल करून वडिलांच्या हातात द्यायचं आहे. वडील आता ८१ वर्षांचे आहेत, त्यामुळे फार लांबवायचं नाही. पण लाँच नक्की कोणती, इथेच गाडी अडली आहे.

हाताशी एकच फोटो आहे. मागे पेन्सिलीने ‘अक्याब, ४५’ लिहिलंय; अक्याब म्हणजे ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरचं बंदर. लाँचचा मागचा भागच दिसतो: कठड्याशी बसलेली सहा माणसं, डेप्थ चार्जची (पाणबुडीवर टाकायच्या सुरुंगांची) दोन पिंपं, दोरीवर वाळत घातलेला गंजीफ्रॉक. मधला भाग आला असता तर प्रश्नच नव्हता. ११२ फुटी फेअरमाईल बी लाँचला मधोमध धुराडं असायचं, ७२ फुटी हार्बर डिफेन्स मोटर लाँचला नसायचं.

वडिलांना आजोबांची दोन वाक्यं आठवतात. एक, “आम्ही दहा-बारा जण होतो.” हे ७२ फुटीला जुळतं, कारण फेअरमाईलवर सोळाच्या आसपास माणसं असत. दुसरं, “पायाखाली पेट्रोल, म्हणून बिडी बंद.” आता ७२ फुटी लाँच तर डिझेलवर चालायची, बारा नॉटच्या आसपास. पेट्रोल फेअरमाईलमध्ये: हॉल-स्कॉटची दोन इंजिनं आणि दोन हजार गॅलनांहून जास्त साठा. माझा कल फेअरमाईलकडे आहे. माणसं मोजण्यात चूक होईल, पण बिडी ओढणारा माणूस बिडीबंदी विसरायचा नाही.

दोन्ही लाँच मुळात इंग्लंडमधल्या छोट्या बोटयार्डांच्या कामाला बेतलेल्या. मोठ्या गोद्या पोलादी जहाजांत गुंतलेल्या, म्हणून एरवी हौशी लोकांच्या यॉट बांधणाऱ्या सुतारांकडे हे काम गेलं. फेअरमाईलची योजना नोएल मॅकलिन यांची, आणि ते मूळचे मोटारी बनवणारे! प्लायवूडच्या फासळ्या आधीच कापून यार्डात पाठवायच्या, तिथे फक्त जोडायच्या. तिथल्या पूल या गावातल्या एका यार्डात १९४३ साली बांधलेली ‘मेडुसा’ ही ७२ फुटी लाँच आजही गॉस्पोर्टला तरंगते आहे. तिचे फोटो बघूनच मी या कामाच्या प्रेमात पडलो.

आता लाकडाचं. आपल्या होडीला फळी नाळेपासून मागपर्यंत लांबीने जाते. इथे फळ्यांचे दोन थर, दोन्ही तिरके आणि एकमेकांना छेदणारे, मध्ये तेल पाजलेलं कापड, वरून तांब्याचे खिळे. मी १:४८ प्रमाणात अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांनी छोटा नमुना करून पाहिला. पहिल्या तीन पट्ट्या छान बसल्या. चौथी पोटाच्या गोलाईवर कडेने उचलली गेली आणि फट पडली. पाण्यात भिजवून, चिमटे लावून रात्रभर ठेवली, तरी तेच.

तर विचारायचं असं:

प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करायची, की पट्ट्याच अरुंद घ्यायच्या? आतला थर पूर्ण वाळू द्यायचा की ओला असतानाच दुसरा चढवायचा?

नुसत्या मागच्या भागावरून या दोन लाँच ओळखता येतात का? कठडा, डेकची रुंदी, काहीही चालेल. जाणकार असाल तर फोटो स्कॅन करून लगेच टाकतो.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं कोणी अराकानच्या खाड्यांत अशा लाँचवर होतं का? त्यांची नौदलातली नोंद तुम्ही कुठून, कशी मिळवलीत?