मदत हवी आहे: पद्मिनीच्या डिकीत नवी टाकी बसवली, ब्रीदर (टाकीची हवेची नळी) कुठून काढावा? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

वडिलांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आली आहे. इंजिन मारुती इस्टीमचं, १.३ लिटर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं). आरसीवर त्याची नोंद करून घेतली आहे. मूळ टाकी आतून गंजली होती, म्हणून डिकीत मागच्या सीटला लागून ४० लिटरची पत्र्याची टाकी बनवून घेतली. पंप टाकीतच आहे, इंजिनाकडून उरलेलं पेट्रोल परत आणणारी रिटर्न लाइनही तिथेच येते.

टाकीच्या माथ्यावर मागच्या कडेला एकच बारीक निपल (नळी जोडायचं तोंड) आहे. त्याची रबरी नळी डिकीच्या तळातून सरळ खाली सोडली आहे. टाकी भरलेली असताना बडवाहकडे जाताना-येताना भेरूघाट, सिमरोल लागलं की चढावर त्या नळीतून पेट्रोल ठिबकतं आणि वास थेट मागच्या सीटवर येतो. तिथे माझी मुलं बसतात. उन्हाळ्यात गाडी बाहेर लावली तरी तेच. उलट टाकी अर्धी झाल्यावर झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते, म्हणजे नळी कुठेतरी तुंबतेही आहे. पेट्रोल पंपावर भरताना नोझल सारखं कट होतं, ते वेगळंच.

एका मिस्त्रींचं म्हणणं, नळी बंद करा आणि झाकणाला भोक पाडा. मला ते अजिबात पटत नाही. गाडी कलली किंवा उलटली तर त्याच भोकातून पेट्रोल सांडणार. नुसतीच बंद केली तर पेट्रोल वापरलं जाईल तशी आत हवा जायला वाट नाही. टाकीतल्या पंपावर ताण येईल, पत्राही आत ओढला जाईल.

पेट्रोल दर १० अंशांना साधारण १ टक्का फुगतं. पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीतलं २५ अंशांचं पेट्रोल काठोकाठ भरलं आणि दुपारी ते ४५ वर गेलं, तर ४० लिटरमागे पाऊण लिटरहून जास्त वाढ. ते जाणार कुठे? शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, डिकीच्या तळाशी साचून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की एक ठिणगी पुरते. डिकीत नंबरप्लेटच्या दिव्याची वायर आहे, त्यामुळे ही गोष्ट मनातून जात नाही.

नळी नेमकी कुठून न्यावी? गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह कुठे बसवतात? इंजिनाबरोबर आलेला, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर (डबा) पडून आहे, तो जोडता येईल का?

प्रतिसाद

तुमची मूळ अडचण निपलच्या जागेची आहे. चढावर गाडीचं नाक वर जातं, पेट्रोल मागे सरकतं आणि मागच्या कडेचं निपल बुडतं. एकदा नळी भरली की टाकीपेक्षा खालचं तोंड सायफनसारखं ओढतच राहतं. निपल माथ्याच्या मधोमध हवं. तिथेच रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटल्यावर बंद होणारा) उभा बसवा, आडवा चालत नाही. पुढे नळी टाकीच्या आणि फिलरच्या (पेट्रोल भरायच्या नळीच्या) तोंडापेक्षा उंच नेऊन वळवा आणि मगच खाली आणा.

कॅनिस्टर जरूर जोडा, पण त्यात फक्त वाफ गेली पाहिजे. ओलं पेट्रोल गेलं तर कोळसा वाया. तो पुढे इंजिनजवळ ठेवा आणि पर्ज सोलेनॉइडमार्फत (वाफ इंजिनात सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या भागाला, जोडा. इंजिन चालू असताना साठलेली वाफ जळून जाते. पर्ज न जोडलेला कॅनिस्टर काही दिवसांत भरतो आणि पुन्हा वास सुरू होतो. एमपीएफआयमध्ये इंजेक्टरांच्या रेलवरून (इंजिनावरच्या पेट्रोलच्या नळीवरून) तापलेलं पेट्रोल रिटर्नने टाकीत येतं, त्यामुळे तुमच्याकडे वाफ मूळ पद्मिनीपेक्षा जास्तच होणार.

नोझल कट होतं कारण भरताना आतली हवा बाहेर पडायला वाट नाही. टाकीच्या वरच्या भागातून फिलरच्या गळ्यापर्यंत वेगळी जाड नळी द्या. आणि ती अशी बसवा की वर किमान ५ टक्के जागा रिकामी राहील, म्हणजे फुगायला वाव.

प्रतिसाद

वडोदऱ्याहून लिहितोय. कॅनिस्टरचं हवेचं तोंड उघडं ठेवू नका, त्यावर बारीक जाळी किंवा फिल्टर लावा. कुंभारीण माशी अशा तोंडात मातीचं घर करते, मग टाकीत पोकळी होते. तुमच्या उघड्या नळीतही बहुधा हेच झालंय, म्हणून ती फुस्स. तोंड सायलेन्सरपासून आणि केबिनच्या हवेपासून लांब ठेवा. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, तेव्हा जुनी साधी रबरी नळी काढून टाका. एसएई जे३० आर९ (इंजेक्शनच्या गाड्यांच्या पेट्रोल नळीचं मानक) छापलेली घ्या. पारदर्शक प्लास्टिकची तर नकोच, ती कडक होऊन तडकते.

आणि दादा, सीटमागे पद्मिनीत नुसता पुठ्ठा असतो. तिथे पत्रा लावून कडा सील करा. मुलं मागे बसतात म्हणता, तर हे काम सगळ्यात आधी.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. पत्रा उद्याच लावून घेतो, तोवर मुलांना या गाडीत बसवणार नाही. एकच शंका: मधोमध निपल बसवायला टाकीला वेल्डिंग करावं लागेल ना? मिस्त्री म्हणतात, रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवली की चालतं.

प्रतिसाद

अजिबात नाही! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण सांध्यांत आणि गंजात राहिलेल्या पेट्रोलची वाफ होत राहते आणि आत हवाही असते. उन्हाने ते जात नाही. पंप ज्या बोल्टच्या प्लेटवर लटकतो, ती कुठे आहे?

मूळ लेखक

माथ्याच्या बरोबर मध्यावर.

प्रतिसाद

मग टाकीला हातच लावू नका. तशीच नवी प्लेट बाहेर बनवून घ्या. व्हॉल्व्हचं आणि फिलरच्या नळीचं निपल तिच्यावर आधीच जोडून घ्या, गॅस्केट ई२० चालणारं टाका आणि प्लेट बदला. बदलताना बॅटरीची वायर काढा, गाडी मोकळ्यावर उभी करा.