खाद्यतेलाचे आयात शुल्क हंगामभर स्थिर असावे का?

गंगथडी, परभणी:
केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ सीमा शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. वाढीच्या भरवशावर ज्यांनी सोयाबीन घरात ठेवले, त्यांचा हिशेब एका अधिसूचनेने मोडला. दर किती असावा याविषयी मतभेद असू शकतात. परंतु तो पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि पुढील पेरणीपर्यंत बदलू नये.

पगारदार, छत्रपती संभाजीनगर:
देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे या शुल्काचा भार किराणा दुकानातून पावशेर तेल नेणाऱ्या शेतमजुरावरही पडतो. महागाई चढी राहिली की रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवताना हात आखडता घेते, आणि मग पीककर्ज सोडले तरी ट्रॅक्टरचा हप्ता कोणाला चुकतो? शिवाय मे अखेरचा निर्णय आपल्याच कसोटीने पेरणीपूर्वीचा ठरतो.

मोंढेकरी, लातूर:
आपण दोघेही तेलावरच बोलत आहात. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते. उरते ती मुख्यतः पेंड, आणि भाव बराचसा तिच्यावर ठरतो. मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने पेंडीची मागणी घटली. म्हणूनच २०२४ च्या हंगामात शुल्क वाढूनही मोंढ्यात माल ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकला गेला. ओल जास्त असलेल्या मालाचे तर विचारूच नका.

गंगथडी, परभणी:
पेंडीचा मुद्दा मान्य आहे, पण त्यामुळे तेलाचे शुल्क बिनमहत्त्वाचे होत नाही. मे २०२५ नंतर कच्च्या तेलावर उपकरांसह १६.५ टक्के शुल्क राहिले, तर शुद्ध तेलावरील ३५.७५ टक्के कायम ठेवले गेले. या फरकाने तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना संरक्षण मिळाले. म्हणजे संरक्षण देणे सरकारला जमते, प्रश्न कोणाला द्यायचे एवढाच आहे.

पगारदार, छत्रपती संभाजीनगर:
एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे रोखली होती. अशा वेळी शुल्क गोठवलेले असते, तर सरकारने काय करावे असे आपले म्हणणे आहे?

गंगथडी, परभणी:
जागतिक भाव कोणत्या पातळीला गेल्यास शुल्क किती उतरेल, हे कोष्टक पेरणीपूर्वीच राजपत्रात द्यावे. त्यानुसार झालेल्या बदलाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती रातोरात निघणाऱ्या अधिसूचनेला.