अनुभव धागा : कोर्स कोड, क्रेडिट आणि ग्रेड कसे वाचायचे?

गुणपत्रकावरची एक ओळ घ्या : 'एमए १०१, ३-०-२-४, बी+'. शिकत असताना ती कुणाला अडत नाही. क्रेडिट (कोर्सचं तासांवरून ठरणारं वजन) दुसऱ्या संस्थेत वळते करून घेताना, परदेशी अर्ज भरताना किंवा फॉर्मातल्या 'टक्केवारी' या रकान्यापाशी मात्र गाडी अडते. ही कागदपत्रं ज्यांच्या हाताखालून नेहमी जातात त्यांनी आपापल्या माहितीतला भाग इथे लिहावा. आकडेमोड करून दाखवलीत तर उत्तम.

•••

कोडपासून सुरुवात करतो. अक्षरं विभागाची (वरच्या ओळीतलं 'एमए' म्हणजे गणित, एम.ए. पदवी नव्हे), पहिला अंक पातळीचा, उरलेले अंक बहुतेक वेळा नुसता अनुक्रम. बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांत १०० ची मालिका पहिल्या वर्षाची, ३००-४०० वरच्या वर्षांची आणि ५०० पासून पुढे पदव्युत्तर. पण '१०१ म्हणजे श्रीगणेशा' हे सगळीकडे चालत नाही. बर्कलेमध्ये ९९ पर्यंतचे कोर्स खालच्या टप्प्याचे, १०० ते १९९ वरच्या टप्प्याचे आणि २०० पासून पदव्युत्तर. म्हणजे तिथला १०१ चांगलाच वरचा. एमआयटीत तर विभागालाच आकडा आहे : ६ म्हणजे विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र, ८ भौतिकशास्त्र, १८ गणित. त्यातल्या ६ क्रमांकाच्या विभागाने २०२२ मध्ये आपले क्रमांक बदलले, त्यामुळे जुन्या आणि नव्या गुणपत्रकावर एकाच विषयाचे दोन कोड सापडतात.

नेहमीची चूक : नोंदणीच्या वेळी दिसणारा तुकडीचा क्रमांक कोर्स कोड म्हणून लिहिणं. तो त्या सत्रापुरता, त्या तुकडीपुरता असतो. पुढच्या सत्रात त्याला काही अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट, कोड तोच राहून अभ्यासक्रम बदलतो. म्हणून ज्या वर्षी कोर्स केला त्याच वर्षाचा अभ्यासक्रम जपून ठेवा. क्रेडिट वळतं करणारे कोड बघत नाहीत, घटक आणि तास बघतात.

•••

'३-०-२-४' राहिलं. आठवड्याला ३ तास व्याख्यान, ट्युटोरियल नाही, २ तास प्रात्यक्षिक, एकूण ४ क्रेडिट. व्याख्यानाच्या तासाला १ क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना १, असा हिशेब. पण आयआयटी मुंबईत व्याख्यान आणि ट्युटोरियलचे तास दुपटीने धरतात आणि प्रात्यक्षिकाचे आहेत तसे, त्यामुळे तिथे २-१-०-६ दिसतं. ६ बघून तो वरच्या ४ क्रेडिटच्या कोर्सच्या दीडपट मोठा समजू नये.

देशांतर करताना वर्षाची बेरीज धरा, म्हणजे गोंधळ होत नाही. युरोपच्या ईसीटीएसमध्ये (तिथली सामाईक क्रेडिट पद्धत) पूर्णवेळ वर्षाला ६०, ब्रिटनमध्ये १२०, अमेरिकेच्या सेमिस्टर पद्धतीत साधारण ३०. म्हणजे अमेरिकी १ = युरोपी २ = ब्रिटिश ४. तुमच्याकडे वर्षाला ४० असतील तर ४ क्रेडिटचा कोर्स ६ ईसीटीएसचा. अमेरिकेत काही ठिकाणी सेमिस्टरऐवजी क्वार्टर (त्याहून छोटी सत्रं) असतात, तिथली ३ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरची २.

•••

सरासरी काढताना सर्वांत जास्त घोळ होतो. एसजीपीए (एका सत्राची ग्रेड-सरासरी) भारित असतो : प्रत्येक विषयाचं क्रेडिट गुणिले ग्रेड-गुण (ग्रेडच्या अक्षराला ठरलेला आकडा), त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ४ क्रेडिटला ९, ३ क्रेडिटला ७, १ क्रेडिटला १० मिळाले तर (३६ + २१ + १०) ÷ ८ = ८.३८. नुसती सरासरी काढली की ८.६७ येते, आणि तीच अर्जात लिहिलेली दिसते.

सीजीपीएलाही (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) तेच. २० क्रेडिटच्या सत्रात ८.० आणि २४ च्या सत्रात ७.० असेल तर उत्तर ७.५ नाही, ७.४५. पूर्णांकन शेवटी एकदाच करा.

आता अक्षरं. यूजीसीच्या दहा-गुणी पट्टीत ओ = १०, ए+ = ९, ए = ८, बी+ = ७, बी = ६, सी = ५, पी = ४, एफ = ०. इथला 'पी' काठावरचा पास. अमेरिकी गुणपत्रकावरचा 'पी' म्हणजे नुसता उत्तीर्ण, सरासरीत धरतच नाहीत. आपला 'ओ' सर्वोच्च, पण परक्या नजरेला तो शून्य दिसू शकतो! 'डब्ल्यू' (कोर्स सोडला) सहसा सरासरीत येत नाही. 'आय' म्हणजे अपूर्ण. तो मुदतीत पुरा केला नाही तर बऱ्याच ठिकाणी आपोआप नापास होतो.

•••

टक्केवारीबद्दल एकच : सरसकट ९.५ ने गुणू नका. तो गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणतात, म्हणजे ८.० ला ७२.५, ९.५ ने ७६ येतात. साडेतीन टक्के हवेतले. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच वापरायचं.

•••

आणि आकड्याची दिशा तपासा. जर्मनीत १ उत्तम, ४ पर्यंत पास, ५ नापास. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ६ उत्तम आणि ४ पास. दोन्हीकडे ४ ला पास, म्हणून फसायला होतं. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, आणि १६ म्हणजे फारच चांगले. ब्रिटनमध्ये ७० ला फर्स्ट, ६० ते ६९ ला अप्पर सेकंड. ६८ बघून नाक मुरडू नये.

परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − उत्तीर्णतेचे किमान). दहाच्या पट्टीवर ८ आणि किमान ४ : १ + ३ × २ ÷ ६ = २.०. किमान चुकून ५ धरलं तर २.२. तेवढ्यानेही अर्ज मर्यादेबाहेर जाऊ शकतो. हे किमान मनाने धरायचं नसतं, ते सहसा ट्रान्स्क्रिप्टच्या (सगळ्या सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकाच्या) मागच्या बाजूला छापलेलं असतं.

•••

वरच्या मुद्द्याला जोडून : ती मागची बाजू स्कॅन करायची राहून जाते. पट्टी, 'डब्ल्यू'-'आय'चे अर्थ, क्रेडिटची व्याख्या सगळं सहसा तिथेच असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून शिक्क्यासह वेगळं पत्र मागा, आणि त्यात उत्तीर्णतेचं किमान ठळक लिहून घ्या.