आजीचं उलट्या धारेचं खुरपं. तुमच्याही आज्यांचं लिहा

कोठा पाडून तिथे ट्रॅक्टरसाठी शेड टाकायचं आहे म्हणून भाऊ गावी आठवडाभर आवराआवर करतो आहे. काल दुपारी त्याने फोटो पाठवला. खाली एकच शब्द: "ओळख."

खुरपं. पातं अर्धं झिजलेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ओळखायला वेळच लागला नाही, कारण धार उलट्या बाजूला आहे. आजी डावखुरी होती. दारव्ह्याच्या बाजारातलं खुरपं तिच्या हाताला चालायचं नाही, म्हणून ती गावच्या लोहाराकडून वेगळं घडवून घ्यायची. वर पायलीभर ज्वारी.

निंदणाला बाया ओळीने बसल्या की ही नेहमी डाव्या टोकाला. मध्ये बसली तर शेजारणीच्या हाताला हात लागायचा. टोकाचं तास (पिकाची ओळ) म्हणजे धुऱ्याला, बांधाला लागून, आणि धुऱ्याला हरळी नि कुंदा हे तण सगळ्यात जास्त. म्हणजे रोज सगळ्यात वाईट तास हिच्याच वाट्याला. हे मला काल, फोटो बघताना सुचलं. तिला जाऊन १४ वर्षं झाली.

पहाटेचा सडा, शेण, सारवण, भाकरी सगळ्यांच्याच आज्यांनी केलं असेल, ते लिहीत नाही. एकच लिहितो. ती गेल्यावर कागद भरताना 'व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं गेलं. लिहिणारा मीच होतो.

तुम्ही सांगा.

सांबारवडी
दादा, ऑफिसात वाचलं आणि कॅमेरा बंद करावा लागला. रात्री लिहिते.

पऱ्हाटीवाला
आमची बुढी कापूस वेचायले भल्या पहाटे जाये. काऊन, त दवानं पत्ती नरम असते, कापसाले कचरा धरत नाही. ऊन तापलं का पत्तीचा चुरा होते अन् तो बोंडातच बसते. आता हे शिबिरात सांगतात. तिले कोणी शिकवलं होतं? अन् सीतादही झाल्याबिगर पहिलं बोंड तोडू देत नसे. पऱ्हाटीखाली दहीभात ठेवला रे ठेवला का आमी पोट्टे टपलेलेच.

पण असली गोष्ट वेगळी आहे. रोजच्या वेचणीतून ती ओटीतला मूठ-दोन मूठ कापूस बाजूले काढे. आबाजीले पत्ता नाही. गाठोडं झालं का दुकानात. तिच्या बांगड्या, चहापत्ती, आमचा बर्फगोळा, सगळं त्या चोरकापसातून. माह्या दहावीची फी बी. आबाजीनं तं हात वर केले होते.

दमणी
चोरकापूस! आमच्याकडे चोरतूर होती. राखेच्या मडक्यात. वरून राख, खाली तूर. आबाजी भांडे घासायच्या राखेले कधी हात लावतील काय?

पऱ्हाटीवाला
@दमणी राखेत तुरीले भुंगाबी लागत नाही. डबल फायदा.

झाडीची_पोर
तुम्हा कापूसवाल्यांचं बरं आहे, उभ्याने काम. आमच्याकडे धान. रोवणा म्हणजे दिवसभर वाकून, बांधीत पऱ्हे लावत मागे मागे सरकायचं, वरून पाऊस. आजीच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, त्यावर रात्री टोरीचं (मोहाच्या बियांचं) तेल गरम करून लावायची. शेवटी कंबर वाकलेलीच राहिली. उताणं झोपता येत नसे, कुशीवर झोपायची.

दिवाळीनंतर मंडई (आमच्याकडची जत्रा, रात्री नाटक) आली की मात्र वेगळीच बाई. नाटकाला सगळ्यात पुढे पोतं टाकून बसायची आणि पहिल्याच प्रवेशाला घोरायची. सकाळी विचारलं की पूर्ण कथा सांगायची. स्वतः रचलेली. कधीकधी खऱ्या नाटकापेक्षा बरी असे.

थोरली_सून
एक कडू लिहिते, राग मानू नका. माझी आजी राबायची हे खरं, आणि आईला त्याहून राबवायची. मी दीड महिन्याची असताना आई वावरात. कोणी काही म्हटलं की आजीचं उत्तर ठरलेलं, "म्या तं बाराव्या दिवशी गेलती." गरम भाकर आधी गड्यांना, मग पोरांना, मग तिला स्वतःला. आईच्या वाट्याला तव्यावरची शेवटची, करपकी.

आजी गेली तेव्हा सगळ्यात जास्त आईच रडली. मी विचारलं, तू काऊन रडते? म्हणाली, "आता मले रागवाले कोणी नाही राहिलं." मला हे अजून उमगलेलं नाही.

धागाकर्ता
@थोरली_सून राग कसला. हा धागा माझ्या आईने काढला असता तर वेगळाच निघाला असता. संध्याकाळी फोन करतो तिला.

पुण्यातला_बे
आजी पहिल्यांदा आमच्या सोसायटीत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता वॉचमन वर आला, "आजी खाली काहीतरी करून राहिल्या." जाऊन बघतो तर मोठ्या खर्चाने लावलेली लॉन, आणि हिने एक अख्खं तास निंदून काढलेलं. उपटलेल्या गवताचे ढीग व्यवस्थित धुऱ्याला, म्हणजे पार्किंगच्या कडेला. "हरळी माजली होती बाप्पा, कोणाचं लक्ष नाही वावराकडं."
सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दमणी
"कोणाचं लक्ष नाही वावराकडं" मेलो हसून

लाल_बिल्ला
'व्यवसाय: काही नाही' वाचून आठवलं. आमचे आबाजी शेतकरी संघटनेचे, छातीवर कायम बिल्ला. १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन झालं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करायची. १९९२ ला सरकारचंही परिपत्रक निघालं, नवऱ्याने अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. आबाजी पाच गावांत यावर भाषणं देऊन आले. आजी घरी विचारायची, "माह्यं कवा?" उद्या. परवा. पेरणी होऊ दे. कापूस निघू दे.

मग पोळा आला. आजीने पुरण शिजवलं, बैलांना ओवाळून पोळ्या भरवल्या आणि आबाजींच्या ताटात कालची भाकर न् चून (पिठलं) वाढलं. पाहुणे बसलेले. पुढच्या सोमवारी आबाजी तलाठ्याकडे.

सही येत नव्हती तिला, अंगठा होता. पण तो सातबारा लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि दर उन्हाळ्यात पापडांसोबत उन्हं दाखवायची. कसर लागू नये म्हणून.

पऱ्हाटीवाला
आमच्या इकडे अजून आबाजीच्याच नावावर हाय. ते जाऊन १६ वर्षं झाले. तिघं काका एका जागी बसतील तवा फेरफार होईन.

फुणके_कढी
विषयाला सोडून विचारते. आजीसारखे फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे, कढीसोबत खातात) करायला घेतलेत, तुरीची डाळ भिजत घातली आहे. किती वेळ ठेवायची? मेथी घालायची का नाही?

सांबारवडी
@फुणके_कढी ४ तास पुरे. पाणी पूर्ण निथळून भरड वाटा. लसूण, मिरची, सांबार भरपूर.
(बाकीच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. मागे यावरून इथे भांडण झालं आहे.)

मला आजीबद्दल लिहायचं होतं पण पोरगी झोपत नाही आहे. इतकंच, ती शेगावला पायी जायची आणि येताना आमच्यासाठी काही आणायची नाही. "दर्शन आणलं ना" म्हणायची. आम्ही चिडायचो.

झाडीची_पोर
मेथी नको, कडू होतात.

दमणी
मेथीशिवाय फुणके? काय वं ताई.

धागाकर्ता
आईला फोन केला. तासभर बोलली. त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडंच आहे.

खुरप्याचं सांगतो. भावाला म्हटलं होतं जपून ठेव. वहिनीने परस्पर वांग्याच्या वाफ्यावर नेलं. उजव्या हाताने उलटी धार चालवली, अंगठा कापला. आता धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली आहे आणि म्हणते, "बुढी गेली तरी आपल्या वस्तूले हात लावू देत नाही."

फुणके_कढी
वहिनींना जपा हो. अन् मेथीचं काय ते ठरवा लवकर, ४ तास होऊन गेले.