व्हॉडव्हिलला मराठीत काय म्हणावं?

तिसरी घंटा: बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदी नटावर लेख लिहितेय. जन्म १८७४, बहामातलं नासाऊ. मृत्यू १९२२, न्यूयॉर्क. आधी व्हॉडव्हिल (अमेरिकेतले सुट्या सुट्या आयटमांचे रंगमंचावरचे खेळ), मग म्युझिकल कॉमेडी, मग रिव्ह्यू असा त्याचा प्रवास. तिन्हींसाठी मी 'संगीत-करमणुकीचे कार्यक्रम' असं ठोकून दिलं होतं, पण वाचताना सगळं एकाच पातेल्यात गेल्यासारखं वाटतं. व्हॉडव्हिलसाठी 'तमाशा' चालेल का?

विंगेतून: तमाशा नको. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला आणि सगळे एकाच फडातले. व्हॉडव्हिलला फडच नसतो. कसरतवाले, शिकवलेली कुत्री, जादूगार, गायिका, विनोदी जोडी, प्रत्येकाचा करार वेगळा. आपापली दहा-पंधरा मिनिटं करायची आणि आठवडा संपला की पुढचं गाव. कीथ आणि ऑल्बी यांच्यासारख्यांच्या हातात थिएटरांच्या साखळ्या होत्या. त्यांची मर्जी गेली तर नटाला काम मिळणं मुश्कील. सुरुवातीला बिनशब्दांचा आयटम ठेवत, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे. सगळ्यात बडा कलाकार शेवटून दुसरा. शेवटच्याच्या वाट्याला उठणाऱ्या लोकांच्या पाठी.

'विविधरंजन' त्यातल्या त्यात जवळ जातं, पण त्याला आकाशवाणीचा वास येतो. मी सरळ व्हॉडव्हिल लिहीन. मूळ शब्द फ्रेंच. नॉर्मंडीतल्या व्हिर नदीच्या खोऱ्यातल्या गाण्यांवरून आला म्हणतात, 'शहराचा आवाज' असाही अर्थ काढतात. तो वाद चालू आहे.

बोरूबहाद्दर: तिन्ही शब्द वेगळेच ठेवा, नाहीतर त्याच्या कारकिर्दीतली खरी गोष्टच निसटेल. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याला पुढचा जोडीदार, नट जॉर्ज वॉकर भेटला. १८९६ पर्यंत दोघे न्यूयॉर्कला कॉस्टर अँड बायलच्या थिएटरात केकवॉक नाच करून गाजत होते. पण ती काही मिनिटं झाली की पुढच्याला जागा करून द्यायची.

१९०३ मध्ये 'इन डाहोमी' आलं. संगीत विल मॅरियन कुकचं, पदं पॉल लॉरेन्स डनबारची, संहिता जेसी शिपची. कृष्णवर्णीयांनीच लिहिलेलं आणि कृष्णवर्णीयांनीच केलेलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात पहिल्यांदा लागलं. पुढे लंडनला शाफ्ट्सबरी थिएटर, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बकिंगहॅम राजवाड्यात खास प्रयोग. इथे त्यांच्या हातात अख्खं नाटक होतं. गोष्ट त्यांची, मंडळीही त्यांची.

१९०९ मध्ये वॉकर आजारी पडून रंगभूमीवरून गेला, १९११ मध्ये वारला. विल्यम्स काही काळ व्हॉडव्हिलला परतला आणि १९१० मध्ये 'झिगफेल्ड फॉलीज'मध्ये शिरला. मधली काही वर्षं सोडता १९१९ पर्यंत तिथेच. हा रिव्ह्यू: भपका, नाच, तुकडे, सलग कथानक नाही. गोऱ्यांच्या त्या ताफ्यात विल्यम्स एकटा कृष्णवर्णीय. नाव वाढलं, पैसा वाढला, पण स्वतःची गोष्ट सांगायला नाटक राहिलं नाही. माझ्या मते बढती आणि घसरण इथे एकाच वेळी झाली. हे सगळं 'कार्यक्रम' या एका शब्दात कसं कळणार?

तिसरी घंटा: पटलं. मग म्युझिकल कॉमेडीला 'संगीत विनोदी नाटक'?

विंगेतून: चालेल. नुसतं 'संगीत नाटक' म्हटलंत तर आपल्या डोळ्यांपुढे 'सौभद्र' येतं, आणि तिथे नाचाला फारसं काम नाही. 'संगीतिका' टाळा, तो शब्द ऑपेराकडे झुकलाय.

तिसरी घंटा: आता अवघड प्रश्न. जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला लावून तो उभा राहायचा. मी लिहिलं, 'तोंडाला काळं फासून रंगमंचावर येई.'

खडाष्टक: अहो, नको! आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू. वाचक म्हणेल कुणी फासलं, काय गुन्हा केला होता? (एका अर्थी बेअब्रूच होती म्हणा, पण ते लेखाने सांगावं, वाक्प्रचाराने नको.) 'चेहऱ्याला बुचाची काजळी लावून' पुरे. हेही जरूर लिहा की मूळचा तो उजळ वर्णाचा, म्हणजे काळ्या माणसालाही गोऱ्यांच्या कल्पनेतलं 'काळं' दिसण्यासाठी रंग लावावा लागे. जाहिरातीत विल्यम्स आणि वॉकर स्वतःला 'दोन अस्सल कून' म्हणवायचे. कून ही कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी आहे, ती तशीच ठेवा, भाषांतराने गुळगुळीत करू नका. जोर 'अस्सल'वर होता, कारण रंग लावलेले गोरे नकली कून तेव्हा जागोजागी होते.

बोरूबहाद्दर: सुरुवातीला वॉकर हसवायचा आणि विल्यम्स त्याला सरळ प्रश्न टाकायचा. मग लोक विल्यम्सलाच जास्त हसतात हे कळल्यावर त्यांनी भूमिका बदलल्या. वॉकर झाला छानछोकी, विल्यम्स झाला पडेल, रखडणारा, नशिबाचा मारलेला. या सरळ माणसाला मराठीत शब्द आहे का?

खडाष्टक: बतावणीत असा माणूस असतो, पण सोंगाड्याला मिळालं तसं ठसठशीत नाव त्याला मिळालेलं नाही. 'झीलकरी' म्हणू नका, तो गाण्यातला. 'खांदा देणारा' तर मुळीच नको, तिरडी आठवते. 'विनोदाला आधार देणारा' असं सांगून मोकळे व्हा.

तिसरी घंटा: आणि त्याचं 'नोबडी' हे गाणं? १९०५ चं, पदं अ‍ॅलेक्स रॉजर्सची, चाल विल्यम्सची. 'कोणी नाही' फार कोरडं वाटतं.

विंगेतून: १९०६ ची कोलंबियाची तबकडी ऐका. अर्धं बोलतो, अर्धं गातो, तो एक शब्द रेंगाळत ओढतो, मागे ट्रॉम्बोन विव्हळतो. गाण्यात संकटांची यादी आहे, आणि मदतीला कोण आलं या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. म्हणून 'कुण्णी नाही'. 'ण' दुप्पट झाला की ती ओढ येते. शीर्षकात मात्र 'नोबडी' ठेवा, कंसात 'कुण्णी नाही' द्या.

खडाष्टक: आणि लेखभर उच्चार एकच ठेवा. एका परिच्छेदात व्हॉडव्हिल, दुसऱ्यात वॉदेविल, असं नको.