'जगात एकमेव' मसल कार : संख्येचे मोल किती?

मूळ लेखन
जुन्या अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दणकट ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांच्या, लिलावांत 'चारपैकी एक', 'जगात एकमेव' अशा पाट्या वारंवार दिसतात. खोलात गेल्यावर कळते की रंग, गिअरबॉक्स, छताचे व्हिनाइल आणि रेडिओ यांचा नेमका तोच मेळ असलेली गाडी कारखान्यातून एकदाच निघाली, एवढाच त्याचा अर्थ. अशी चाळण लावत गेले तर कोणतीही गाडी दुर्मिळ ठरेल. माझ्या मते गाडीचे मोल ती कशासाठी घडली यावरून ठरावे. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतील मोटार-शर्यतींत इंजिनाला ५ लिटरची (सुमारे ३०५ घनइंच) मर्यादा होती, म्हणून शेवरलेने ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकला (मुख्य सांगाड्याला) २८३ घनइंची इंजिनाचा, पिस्टनची धाव आखूड ठेवणारा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) जोडून ३०२ घनइंचांचे इंजिन उभे केले आणि त्यातून कॅमारो झेड/२८ जन्मली. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या बनल्या, तर १९६९ मध्ये २०,३०२. पण हेतू आणि इंजिन तेच असल्यामुळे दुसरीला कमी लेखणे मला पटत नाही.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. संख्या हीसुद्धा इतिहासाचीच नोंद असते. संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ४२७ घनइंची इंजिनाची १९६९ ची कॅमारो झेडएल१ फक्त ६९ नगांवर थांबली, कारण त्या एका इंजिनापायी किंमत ४,००० डॉलरहून अधिक वाढत होती. इलिनॉयमधील फ्रेड गिब या विक्रेत्याने ५० गाड्या मागवल्या आणि बहुतेक खपेनात म्हणून त्यांतल्या अनेक कंपनीला परत घ्याव्या लागल्या. प्लिमथ सुपरबर्डचेही तेच झाले. मागचा उंच पंख आणि लांब नाक काढून काही विक्रेत्यांनी ती प्लिमथच्याच साध्या रोडरनर गाडीच्या रूपात विकली. हा आकडा बाजाराने घडवला आहे. तो बाजूला ठेवला तर त्या काळाची अर्धी कथा हरवते.

प्रतिसाद २
बाजाराने घडवलेली आणि कंपनीने आधीच ठरवलेली दुर्मिळता यांत मात्र फरक करायला हवा. १९८७ ची ब्यूइक जीएनएक्स ५४७ नगांची होती आणि प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी होती. २०१८ च्या डॉज डीमनची ३,३०० ही संख्याही आधीच जाहीर झाली होती. गाडी दुर्मिळ राहणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असले की ती जपली जाते, त्यामुळे पन्नास वर्षांनी तिचे अप्रूप तेवढे उरणार नाही.

प्रतिसाद ३
मी डेट्रॉईटजवळ राहतो आणि माझा अनुभव दोन्ही बाजूंना थोडा अडचणीचा आहे. काही वर्षांपूर्वी १९६९ ची एक झेड/२८ घेण्याच्या विचारात होतो. त्या काळच्या शेवरलेचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गाडी व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, आहे एवढेच सांगतो, इंजिन कोणते हे सांगत नाही. त्यामुळे सारी मदार ब्लॉकच्या पुढच्या, उजव्या सिलिंडर-हेडलगतच्या सपाट पट्टीवर कोरलेल्या अक्षरांवर असते. तिथे 'डीझेड' हे झेड/२८ च्या ३०२ इंजिनाचे चिन्ह स्पष्ट होते. टॉर्च तिरपा धरून पाहिले तेव्हा कारखान्यातील ब्रोचिंगच्या (यंत्राने पृष्ठभाग तासण्याच्या) बारीक, समांतर रेघा कुठेच दिसल्या नाहीत. पट्टी घासून अक्षरे नव्याने ठोकली असावीत, असा माझा निष्कर्ष झाला आणि मी व्यवहार सोडला. ६०२ म्हणा वा २०,३०२, हातातली गाडी त्यांपैकीच आहे हे सिद्ध होत नसेल तर हेतू आणि संख्या दोन्हींवर बोलणे फोल आहे.

मूळ लेखक
प्रतिसाद ३ मधील मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि झेडएल१ च्या बाबतीत प्रतिसाद १ चेही पटले. ती संख्या गाडीच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात १९७१ ची प्लिमथची हेमी कूडा कन्व्हर्टिबल (छत उघडता येणारी, अर्धगोल ज्वलनकक्षांच्या 'हेमी' इंजिनाची गाडी) ३५ लाख डॉलरना गेली, तिच्या मागेही संख्येइतकेच पुराव्याचे बळ आहे असे आता वाटते: अशा अकराच गाड्या बनल्या, पण प्लिमथच्या व्हीआयएनमधले पाचवे अक्षर 'आर' असले की गाडी कारखान्यातूनच हेमी इंजिन घेऊन निघाली हे कळते. रंग-रेडिओच्या बेरजेतून काढलेल्या 'एकमेव'पणाला मात्र माझा विरोध कायम आहे.