अनुभव धागा : फोटो संपादनाचे पहिले प्रयोग आणि आपल्या किनाऱ्याचे रंग

नमस्कार मंडळी,

मी मालवणजवळ राहतो. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात देवबागच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असताना मी काही फोटो काढले आणि घरी आल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच ते संगणकावर संपादनासाठी उघडले. त्यासाठी गिंप हे फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर वापरले. १९९६ पासून ते विनामूल्य मिळते आणि शिकणाऱ्याला लागते त्यापेक्षा कितीतरी अधिक त्यात आहे. आकाश ढगाळ होते, पाणी राखी-हिरवे दिसत होते आणि फोटो मला निस्तेज वाटला, म्हणून रंगछटा निळ्याकडे वळवून मी सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) भरपूर वाढवले. तो फोटो मी रापणीतल्या एका वयस्क काकांना मोठ्या उत्साहाने दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ह्यो खंयचो दर्यो? आमचो नाय ह्यो."

ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच किनारा ओळखता येत नव्हता. पावसाळ्यानंतर कर्ली नदीचे गढूळ पाणी मुखाशी समुद्रात मिसळत असते आणि त्या दिवशी तपकिरी व हिरव्या पाण्यामधली सीमारेषा किनाऱ्यावरून स्पष्ट दिसत होती. मूळ फोटोत ती होती. माझ्या निळ्या रंगाखाली ती पुसली गेली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक फोटो उघडताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो : डोळ्यांनी पाहिलेले काय कॅमेऱ्याकडून निसटले आणि ते परत कसे आणायचे? आपल्यापैकी अनेकांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत हे काम शिकायला घेतले आहे. आपण काय करून पाहिले, कुठे चुकले आणि ती चूक कोणाच्या लक्षात आली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुरूडहून (रायगड)

माझा अनुभव लहान आहे, पण उपयोगी पडेल. जंजिऱ्याचे माझे जवळजवळ सगळे फोटो होडीतून काढलेले होते आणि त्यांत क्षितिज तिरके होते. फोटो पाहताना काहीतरी खटकायचे. काय ते समजत नसल्याने मी उगाच कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद भागांतला फरक) वाढवत असे. मग एका मित्राने क्षितिजावर मोजपट्टीची रेघ ठेवून दाखवली. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल असेल तर केवळ एका अंशाच्या तिरकेपणाने समुद्राची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ७० पिक्सेल खाली उतरते. डोळ्याला हे लगेच जाणवते, कारण समुद्र कधी उतरता नसतो. फोटो फिरवला की चारही कोपरे कापावे लागतात, म्हणून आता मी फोटो काढतानाच कडेला थोडी जागा सोडतो. बाकी काहीही करण्याआधी क्षितिज सरळ करायचे, हा माझा क्रम ठरून गेला आहे.

रत्नागिरीहून, माध्यमिक शाळेतील शिक्षिका

मी विद्यार्थ्यांना कातळशिल्पे, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, दाखवायला नेते. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, तेव्हापासून मुलांमध्येही कुतूहल वाढले आहे. उक्षीच्या हत्तीचे फोटो मी भर दुपारी काढले होते, कारण शाळेची सहल त्याच वेळी तिथे पोहोचली. घरी येऊन पाहते तर जांभ्याचा सडा सपाट दिसत होता आणि हत्ती जेमतेम कळत होता. मी कॉन्ट्रास्ट वाढवला, उजळ-गडद बदलणारी कर्व्हची रेषा वाकवली, कडा ठळक करणारा क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत नेला. हत्ती उठून दिसू लागला आणि मला फार समाधान वाटले.

तो फोटो छापून वर्गात लावला आणि मुलांना बाह्यरेषा वहीत उतरवायला सांगितली. एका मुलीने हत्तीला एक जास्तीची रेघ काढली. मी तिला चूक दाखवायला गेले, तर फोटोत ती रेघ खरोखरच होती. ती कातळाची नैसर्गिक भेग होती, आणि माझ्या संपादनाने भेग, शेवाळाचा वाळलेला डाग व माणसाने कोरलेली खोबण या तिन्हींना एकसारखे गडद केले होते. संगणकाला फक्त उजळ आणि गडद यांतला फरक कळतो. तो फरक छिन्नीने झाला की पावसाने, हे त्याला कळत नाही. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले.

पुढच्या रविवारी मी पहाटे निघाले आणि सूर्य नुकताच वर आलेला असताना पुन्हा फोटो काढले. त्या वेळी ऊन जमिनीला जवळजवळ समांतर येते, त्यामुळे उथळ खोबणीच्याही एका कडेला सावली पडते आणि दुसरी कड उजळते, तर डाग मात्र सपाटच राहतो. त्या फोटोला मी फक्त किंचित कॉन्ट्रास्ट दिला आणि तो कृष्णधवल केला. लालसर जांभ्याचे रंग गेल्यावर नजर थेट आकारावर जाते. मुलांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून स्वतःच फरक शोधले. फोटोच्या वेळी ज्या प्रकाशाने साथ दिली नाही, तो नंतर निर्माण करता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मात्र कमी प्रकाशातही जे नोंदले गेले आहे ते काळजीपूर्वक वर काढता येते, आणि तेवढ्यासाठी हे शिकणे सार्थ आहे.

देवगडहून, आंबा बागायतदार

आम्ही गेली काही वर्षे हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना पाठवतो. फोटो पाहूनच मागणी येते, म्हणून मी मोबाइलवर स्नॅपसीड हे फोटो संपादनाचे ॲप शिकलो. आमची पॅकिंगची जागा अंगणात निळ्या ताडपत्रीखाली आहे. ताडपत्रीतून येणारा प्रकाश निळा असतो; तिथे बसलेल्या माणसाची नजर त्याला सरावते, पण कॅमेरा तो जसाच्या तसा टिपतो. पिवळ्या फळावर निळा प्रकाश पडला की फळ हिरवट आणि कच्चे दिसते. त्यावर उपाय म्हणून मी वॉर्म्थ (पिवळसर-केशरी झाक) वाढवत गेलो आणि एका हंगामात आमचे आंबे फोटोत गर्द केशरी दिसू लागले.

त्या हंगामात तीन ग्राहकांनी कळवले की फोटोतला माल वेगळा आणि पेटीतला वेगळा. एका बाईंनी तर हा देवगडचाच हापूस आहे का, असे स्पष्ट विचारले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते नावाचा विश्वास टिकावा यासाठीच, आणि इथे माझ्याच फोटोने त्या नावावर शंका आणली, याचे मला मनापासून वाईट वाटले. खरा पिकलेला हापूस सगळीकडून सारखा रंगत नाही. देठाजवळ हिरवटपणा रेंगाळतो, उन्हाच्या बाजूला लालसर झाक येते, मधला भाग हळदीसारखा असतो. जाणता ग्राहक नेमके हेच पाहतो.

आता मी पेटी पडवीत आणतो, जिथे थेट ऊन नाही आणि ताडपत्रीही नाही. आंब्याशेजारी पांढरा कोरा कागद ठेवतो. संपादन करताना व्हाइट बॅलन्समधला (प्रकाशाची रंगझाक काढण्याच्या साधनातला) रंग टिपणारा ड्रॉपर त्या कागदावर टेकवला की कागद पांढरा होतो आणि त्याबरोबर आंब्याचा रंगही आपोआप जागेवर येतो. शेवटी कागद कापून टाकायचा. एवढ्या एका गोष्टीने माझे निम्मे काम संपले.

धागाकर्ता

देवगडच्या दादांनी सांगितलेली कागदाची युक्ती मी लगेच करून पाहिली. समुद्रावर कागद नसेल तर होडीचा पांढरा रंग किंवा कोणाचा तरी पांढरा सदराही चालतो. मात्र पांढरा भाग अति उजळून कोरा झालेला नसावा, नाहीतर ड्रॉपरला तिथे वाचण्यासारखे काही उरत नाही.

कुडाळहून

मी दशावताराचे फोटो काढतो. जत्रेत नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि आता रंगमंचावर रंगीत एलईडी दिवे असतात. लाल दिव्यात लाल शालू नेसलेल्या स्त्रीपार्टी नटाचे फोटो मी काढले, तेव्हा स्क्रीनवर सगळे ठीक दिसले. घरी उघडल्यावर मात्र शालू म्हणजे एक सपाट लाल ठिगळ होते, त्यावरची चुणी नाही, काठ नाही. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ किती भाग आहे हे दाखवणारा आलेख) व्यवस्थित होता, म्हणून मी बराच काळ गोंधळात होतो. लाल, हिरवा, निळा असे तीन हिस्टोग्राम वेगळे करून पाहिल्यावर उलगडा झाला : लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन आदळला होता. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, आणि जे सगळे २५५ वर जाऊन बसले त्यातून काठ आणि चुणी पुन्हा वेगळे करता येत नाहीत. आता मी फोटो मुद्दाम थोडे गडद काढतो आणि रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद जशीच्या तशी, ठेवतो. माझा कॅमेरा १२ बिटचे रॉ देतो, म्हणजे पायऱ्या ४०९६, त्यामुळे सावलीतला तपशील वर काढायला वाव राहतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. एका ज्येष्ठ कलाकारांना त्यांचा फोटो भेट द्यावा म्हणून मी तो विशेष मेहनतीने तयार केला आणि चेहऱ्यावर त्वचा मऊ करण्याचे साधन फिरवले. दशावतारातले कलाकार आपली रंगभूषा स्वतःच करतात. रंगपटात आपापल्या पेटीसमोर, छोट्या आरशात पाहत बसतात आणि त्यात बराच वेळ जातो. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि भुवईच्या वर बोट ठेवले. तिथे त्यांनी काडीने पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ काढली होती, बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके. माझ्या संपादनात ती ओळ धुरकट पट्टा झाली होती. "हां माझा काम होता," एवढेच ते म्हणाले. मी मूळ फोटोवर पुन्हा पहिल्यापासून काम केले, चेहऱ्याला हात लावला नाही, फक्त लाल दिव्याची झाक कमी केली. तो फोटो त्यांच्या घरी लावला आहे.

नव्याने शिकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्वचा मऊ करणारी साधने आपल्या लोककलावंतांच्या चेहऱ्यांवर वापरू नयेत.

मंडणगडहून

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना फ्लॅश वापरू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. त्यामुळे संधिप्रकाशातले माझे फोटो गडद आले. शॅडोज (गडद भाग) वर ओढल्यावर वाळूत रंगीत कण, म्हणजे नॉइज, उमटले, ते घालवायला नॉइज कमी केला तर वाळू मेणासारखी गुळगुळीत झाली. शेवटी पिल्लाभोवती मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तो अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उजळला आणि बाकीचा अंधार तसाच ठेवला. संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसली.

चिपळूणहून

प्रिंट गडद येतात, अशी तक्रार मी फोटो छापून देणाऱ्यांकडे दोनदा केली. कारण माझ्याकडेच होते : स्क्रीनची उजळता मी पूर्ण वाढवून बसत असे, त्यामुळे गडद फोटोही मला उजळ वाटत. आता उजळता निम्म्यावर ठेवतो. सहा बाय चार इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

दापोलीहून, सेवानिवृत्त

मी जुन्या फोटोंवर काम करतो. आपल्याकडच्या दमट हवेत भिंतीवरच्या फोटोंना बुरशी लागते, काचेला कागद चिकटतो, आणि चार पावसाळे दुर्लक्ष झाले की चेहरे जाऊ लागतात. आमच्या घरात माझ्या आजीचा एकच फोटो आहे, सहा बाय चारचा, कृष्णधवल, माजघरात लावलेला. तो चौकटीतून काढून मी ६०० डीपीआयने स्कॅन केला, म्हणजे ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळाले, आणि हीलिंग ब्रशने (आजूबाजूचा पोत घेऊन डाग झाकणारे साधन) एकेक डाग काढायला बसलो. तीन रात्री गेल्या. कपाळ, गाल, लुगड्याचा पदर, मागची भिंत, सगळे स्वच्छ केले. बुरशीचे ठिपके बारीक, काळपट आणि गोल असतात, त्यामुळे हात बसल्यावर काम भराभर होते.

मोठा प्रिंट करून तो मी आत्याला दाखवला. तिचे वय आता नव्वदीकडे झुकले आहे आणि तिला कमी दिसते, म्हणून तिने तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "आईचं गोंदण कुठे गेलं रे?"

हनुवटीवरचे तीन ठिपके मी बुरशी समजून पुसले होते. आजी गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि मला ते गोंदण आठवत नव्हते. त्यात भर म्हणजे मी तिन्ही रात्री स्कॅनच्या त्याच फाइलवर काम करून त्याच नावाने ती साठवली होती, तीही जेपेगमध्ये, जिथे बदल करून फाइल प्रत्येक वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गळतो. कागदावरचा मूळ फोटो सुदैवाने जपून ठेवला होता.

मी पुन्हा स्कॅन केला आणि या वेळी टिफमध्ये, म्हणजे साठवताना तपशील न गाळणाऱ्या फाइलमध्ये, ठेवला. त्या फाइलला हात न लावता वर वेगळा लेयर (पारदर्शक थर) घेऊन त्यावरच दुरुस्ती केली, म्हणजे एखादी जागा चुकली तर तेवढीच खोडता येते. ब्रश टेकवण्याआधी आत्याला शेजारी बसवले. स्क्रीनवर चेहरा चारपट मोठा करून मी एकेक ठिपका दाखवत होतो आणि ती सांगत होती : हा डाग, हा डाग, हा तीळ, हा राहू दे. हनुवटीवर आल्यावर तिने स्वतःच बोटाने मोजले. तीन नव्हते, पाच होते. दोन इतके फिके झाले होते की पहिल्या वेळी मला ते दिसलेही नव्हते.